दूरध्वनी व आंतरजालावरील फसवणूक : बंगळुरूचा अनुभव

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि पुढच्याच वर्षी बंगळुरू येथे देशातील पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणे सुरू झाले. संगणक उद्योगाच्या राजधानीत असे ठाणे प्रथम निघावे, हे स्वाभाविक होते. परंतु संगणकावरच उपजीविका असणारी उच्चशिक्षित माणसे याच शहरात आज मोठ्या रकमांना फसतात, याचा उलगडा केवळ ‘निरक्षरता’ या शब्दाने होत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला.

या गुन्ह्याचे मर्म दोन दशकांपूर्वीच्या पुण्यातील एका प्रकरणात स्पष्ट दिसते. २००५ मध्ये तेथील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतील चार ग्राहकांकडून बोलण्याच्या ओघात गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. त्यासाठी कोणतीही संगणकीय तटबंदी फोडावी लागली नाही. ग्राहकांनी आपल्या खात्याची किल्ली आपणहून हाती दिली. साधने पुढे बदलली, हे सूत्र बदलले नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरा पडताळा सक्तीचा केला, तेव्हा भामट्यांनी पडताळ्याचा ओटीपीच मागण्यास सुरुवात केली.

भीतीचे तंत्र

मोठी हानी करणारा एक प्रकार म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अटक’. नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या बंगळुरूतील एका प्रकरणात एका महिलेने १८७ व्यवहारांत जवळजवळ ३२ कोटी रुपये गमावले. आरंभ झाला तो मुंबईतील अंधेरी येथे तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, अशा कुरिअर कंपनीच्या नावाने आलेल्या दूरध्वनीने. त्यानंतर दूरध्वनी ‘सीबीआय’कडे जोडला गेला, चित्रध्वनीवर पाळत सुरू झाली आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करण्यासाठी सर्व ठेवी ‘तपासणीसाठी’ भरण्यास सांगण्यात आले. एवढी बुद्धिमान व्यक्ती फसतेच कशी, असा प्रश्न आपण सहज विचारतो. तो काहीसा अन्यायाचा आहे. या डावाचा खरा आधार एकांत हा असतो. ‘कोणालाही सांगू नका, प्रकरण गोपनीय आहे’ या एका वाक्याने पती, पुत्र, शेजारी, बँकेचा व्यवस्थापक, असे सारे सल्लागार दूर केले जातात. ही अट घातली जाताच दूरध्वनी बंद करावा. त्याहून अधिक पुराव्याची आवश्यकता नाही.

परीक्षार्थींनी येथे कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक आहे. चित्रध्वनीवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय आहे, हे खरे. म्हणून ‘सरकारी कागद दूरध्वनीवर येतच नाही’ असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे. मात्र हजर राहण्याविषयीची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. याच न्यायालयाने पुढे ऑक्टोबरमध्ये डिजिटल अटकेची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

अन्य प्रकार ओळखण्यास तुलनेने सोपे आहेत. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हा संदेश बंगळुरूच्या बेस्कॉमच्या ग्राहकांना आला तसाच महाराष्ट्रात महावितरणच्या ग्राहकांनाही आला. वाहतूक दंडाच्या वा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल उघडली की भ्रमणध्वनीतील संदेश परक्याच्या हाती जातात. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या क्षेत्रनामावर आली आहेत आणि सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांक मालिका बँकांना दिलेली आहे. दहा अंकी साध्या क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतो’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

तथापि प्रत्येक वेळी दोष ग्राहकाचाच असतो, असेही नव्हे. २०२३ मध्ये कर्नाटकात जमीन नोंदणीच्या दस्तांवरील अंगठ्याचे ठसे वापरून आधार आधारित देयक प्रणालीतून खात्यांतील पैसे काढल्याचे प्रकार घडले. खातेदारांना ओटीपी आला नव्हता, त्यांनी कोणाला काही सांगितलेही नव्हते. यावर आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करणे हा उपाय उपलब्ध आहे.

पहिला तास

पैसे गेल्यानंतर वेळेला मोल असते. एप्रिल २०२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय यंत्रणेत १९३० या क्रमांकावर तक्रार केली की सूचना संबंधित बँकेकडे जाते. रक्कम खात्यात असल्यास ती रोखली जाते, पुढच्या बँकेत गेली असल्यास सूचनाही पुढे सरकते. चोरांची वाटचाल मात्र अधिक वेगवान असते. एका खात्यातून दहा खात्यांत आणि तेथून रोख वा आभासी चलनात रक्कम विखुरली की ती परत मिळण्याची आशा क्षीण होते. म्हणून आधी १९३०, नंतर बँक, मग लेखी तक्रार, हा क्रम ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, त्रुटी ग्राहकाची वा बँकेची नसून अन्यत्र असेल आणि तीन कार्यदिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर दायित्व येत नाही. गुप्त क्रमांक स्वतः दिला असल्यास मात्र कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

ही विखुरलेली खाती कोणाची असतात? अनेकदा विद्यार्थ्यांची. ‘खाते वापरू द्या, दर व्यवहाराला दलाली घ्या’ हा प्रस्ताव वसतिगृहांत व शिकवणी वर्गांच्या परिसरात निरुपद्रवी भासतो. चोरीचा पैसा खात्यातून गेला की खाते गोठते, तपासात नाव येते आणि शासकीय सेवेपूर्वीच्या चारित्र्य पडताळणीत ते पुन्हा उभे राहते. बंगळुरूस्थित रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने अशी खाती व्यवहारांच्या आकृतिबंधावरून हेरण्यासाठी ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरीच्या शोधातील तरुण या व्यवसायाचे भक्ष्यही ठरतात आणि मजूरही. ‘डेटा एंट्री’च्या नोकरीसाठी परदेशी गेलेले अनेक जण म्यानमारमधील फसवणूक केंद्रांत डांबले गेले आणि भारतातीलच लोकांना गंडवण्याच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याचे नाव त्या यादीत सहसा सापडत नाही.