चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

घरात मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा परसात गेला. फ्रीज आला, तसं उन्हाळ्यात दूध नासायचं थांबलं. घरघंटी आली आणि दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत नंबर लावणं बंद झालं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत खेड्यातल्या घराचा असा चेहरामोहराच बदलला. पण यंत्र घरात आलं की मागून दुरुस्ती येते आणि दुरुस्तीच्या मागून सुट्या भागाचं बिल. हे बिल आता शेतकऱ्याच्या प्रपंचाला जड होऊ लागलं आहे.

तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात तासभर उभं राहावं. वॉशिंग मशीन असो, टीव्ही असो की नव्या धाटणीचा फ्रीज असो, उत्तर ठरलेलं. बोर्ड गेला आहे, साडेचार-पाच हजार लागतील, त्यापेक्षा थोडे घालून नवंच घ्या. यंदाचा हिशेब मांडून बघा. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एका हिरव्या पट्टीपायी, जी तळहातावर मावते, त्यापायी क्विंटलभर सोयाबीन गेलं. तेही हमीभाव पदरात पडला तर! टीव्हीचा पडदा फुटला तर विचारूच नका. नुसत्या पडद्याची किंमत नव्या टीव्हीच्या निम्म्याहून वर जाते.

अडीच एमएफडीचा कंडेन्सर आणि नवा पंखा

पूर्वी असं नव्हतं. जुना छताचा पंखा हळू फिरायला लागला, की गावातला वायरमन अडीच एमएफडीचा कंडेन्सर आणून बसवायचा. आजही तो पन्नास-साठ रुपयांत मिळतो आणि कुठल्याही कंपनीच्या साध्या पंख्याला चालतो. वाइंडिंग जळलं तर तार भरून देणारे कारागीर प्रत्येक बाजारपेठेत आहेत.

आता १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालं आणि बीएलडीसी पंख्यांचा प्रसार वाढला. साधा पंखा ७०-७५ वॅट ओढतो, हा तीस-पस्तीस वॅटमध्ये भागवतो. विजेच्या बिलात बचत आहे, हे खरं. पण त्याच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. ते गेलं की पन्नास रुपयांत काम होत नाही, काहीशे रुपये मोजावे लागतात आणि सहसा त्याच कंपनीचं कार्ड लागतं. वॉरंटीची मुदत संपल्यावर असं झालं, की बचतीतला मोठा वाटा तिकडे जातो. म्हणून असा पंखा घेताना वॉरंटी किती वर्षांची, हे आधी बघावं.

भाग इतका महाग का?

याला कारणं आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण, सुटा भाग आता सुटा राहिलेलाच नाही. मिक्सरच्या भांड्याचं बुश गेलं तर काही कंपन्यांकडं पूर्ण भांडंच घ्यावं लागतं. वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलं तर काही मॉडेलमध्ये टब असा जोडलेला असतो की नुसतं बेअरिंग काढता येत नाही, सगळा टब बदलावा लागतो. ओल लागू नये म्हणून मशीनचा बोर्ड रसायनात बुडवून पक्का केलेला असतो. ओलीपासून बचाव होतो, पण आतला दहा रुपयांचा भाग जळला तरी कारागिराला हात घालता येत नाही.

दुसरं, विकणारा एकच. कंडेन्सर दहा कारखाने बनवतात म्हणून स्वस्त. बोर्ड मात्र त्या कंपनीचा, त्या मॉडेलचाच लागतो. जिथं स्पर्धा नाही तिथं भाव कंपनी ठरवेल तो.

तिसरं, मॉडेल दरवर्षी बदलतं. बाहेरून तेच दिसणारं यंत्र, आतली जोडणी वेगळी. कंपनीला प्रत्येक मॉडेलचे भाग गोदामात सांभाळावे लागतात आणि तो खर्च भागाच्या किमतीत चढतो. पाच-सात वर्षांनी तर भाग बंद झाला असंच सांगतात.

चौथं कारण अंतर. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आणि यंत्र वाडीवर. माणूस येण्याचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, भागाची किंमत वेगळी आणि वर १८ टक्के जीएसटी. शहरातल्या ग्राहकाला जी दुरुस्ती परवडते ती खेड्यात परवडत नाही, ती या अंतरापायी.

न्यूट्रल तुटला अन् आळी जळाली

पण सगळा दोष कंपनीवर ढकलून चालणार नाही. खेड्यात बोर्ड जळतात त्याचं मोठं कारण विजेचा चढउतार आहे. घरातला दाब २३० व्होल्टच्या आसपास असायला हवा. डीपीवर भार जास्त झाला की संध्याकाळी तो खाली येतो, दिवा मिणमिणतो, फ्रीजचा कॉम्प्रेसर नुसता हुंकार देतो. याहून घातक प्रकार म्हणजे डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटणं. न्यूट्रल सुटला की एका फेजवरच्या घरांत दाब पडतो आणि दुसऱ्या फेजवरच्या घरांत तो चारशे व्होल्टच्या जवळपास चढू शकतो. मग एकाच रात्री अख्ख्या आळीतले टीव्ही, चार्जर, पंखे जळतात. लोक वीज पडली म्हणतात, पण आभाळात ढगही नसतो.

याला उपाय आहेत आणि ते बोर्डाच्या किमतीपेक्षा स्वस्त आहेत. मीटरनंतर चांगला एमसीबी आणि दाब कमी-जास्त झाला तर वीज तोडणारं उपकरण बसवावं. फ्रीजला गरजेप्रमाणे स्टॅबिलायझर लावावा. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं आहे का, ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावं. बऱ्याच घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाला तारच नसते! वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग ओढून काढावेत, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि एक गोष्ट. दिवे एकदम लख्ख झाले किंवा मिणमिणले तर लगेच १९१२ क्रमांकावर वीज कंपनीला कळवावं आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवावा. यंत्रं जळाली असतील तर लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. दाद लागली नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाचा रस्ता आहे. अर्जाची पोच नसेल तर तिथं काय दाखवणार?

मिक्सर जळण्याआधी

काही दुरुस्त्या तर दुरुस्त्याच नसतात. मिक्सर एकाएकी बंद पडला की लोक मोटर जळाली समजून दुकान गाठतात. बऱ्याच मिक्सरच्या बुडाला ओव्हरलोडचं छोटं बटण असतं, बहुधा लाल. भार जास्त झाला की ते बाहेर येतं. प्लग काढायचा, थोडा वेळ निवू द्यायचं, भांड्यातला माल कमी करायचा आणि बटण दाबायचं. बहुतेक वेळा मिक्सर सुरू होतो. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तेव्हा खालचं कपलर झिजलेलं असतं. कपलर मऊ असतं ते मोटर वाचावी म्हणून. ते थोडक्या रुपयांत मिळतं. मोटरमधून ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश बघावेत, तेही स्वस्त असतात. तसंच चालवत राहिलं तर मग आर्मेचर जातं आणि खर्च खरोखरच वाढतो.

घरघंटीचंही तेच. दार नीट बसलं नाही तर सुरक्षेसाठी ती सुरूच होत नाही. दाराजवळचा छोटा स्विच पिठानं भरला की लोक मोटर खोलायला घेतात. आजार म्हशीला अन् औषध पखालीला! आठवड्याला एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशनं साफसफाई केली तर निम्मे खर्च टळतात. बचत गटातल्या ज्या महिला चार पैशांसाठी दळण दळून देतात, त्यांची घरघंटी आठ दिवस बंद म्हणजे आठ दिवसांची कमाई बंद. त्यांनी तर जाळी, पट्टा, स्विच असे झिजणारे भाग एकेक जास्तीचे घरात ठेवावेत.

वॉरंटीतली बारीक अक्षरं

फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, दहा वर्षांची वॉरंटी. लोकांना वाटतं फ्रीज दहा वर्षं बिनघोर. कार्ड वाचा. ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते, बाकी फ्रीजची एकच वर्षाची. गॅस भरणं, मजुरी, माणूस येण्याचे पैसे अनेकदा वेगळे पडतात. वॉशिंग मशीनच्या मोटरचंही असंच. टीव्हीचा पडदा फुटला तर तो वॉरंटीत बसत नाही. विकत घेताना दुकानदाराकडून कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा आणि पक्कं बिल घ्यावं. बिल मागितलं की जीएसटीचा बाऊ केला जातो, आणि आपणही चार पैसे वाचले म्हणून गप्प बसतो. पुढं भांडायची वेळ आली की हातात कागद नसतो.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पूर्वी सामान्यतः कंपनीचं कार्यालय किंवा शाखा जिथं असेल, किंवा व्यवहार जिथं घडला, तिथं तक्रार करावी लागे. आता ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र दाखल केली पाहिजे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर बोलून पाहावं, पुष्कळदा तिथंच मिटतं.

पाकिटबंद सुट्या भागावर कमाल विक्री किंमत छापलेली असली पाहिजे. छापील किमतीपेक्षा जादा घेतले तर वैधमापन शास्त्र विभागाकडं, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या वजनमापे खात्याकडं, तक्रार करता येते. म्हणून भाग बदलल्यावर रिकामं पाकीट आणि जुना भाग मागून घ्यावा. तो आपला हक्काचा पुरावा आहे. वॉरंटीत फुकट बदलून दिलेला भाग मात्र कंपनी परत नेऊ शकते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. शेती अवजारांना त्यात जागा मिळाली, हे आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं. पण संकेतस्थळावर माहिती मिळते, भाव कमी होत नाही.

मोटारगाड्यांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं हा त्यातला मुख्य आक्षेप. कंपन्या अपिलात गेल्या, पण भाग अडवून ठेवणं गैर आहे हे निदान एकदा स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून फ्रीजचे ठरावीक भाग किमान सात वर्षं आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. ही मुदत त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून धरतात. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी, याचे दहापैकी गुण छापणं सुरू झालं आणि ते देताना सुट्या भागाची किंमतही बघितली जाते. आपल्याकडं घरगुती यंत्रांसाठी अशी वर्षांची सक्ती नाही. ती हवी, ही मागणी खेड्यातून उठली पाहिजे.

ग्रामपंचायतीनं मनावर घ्यावं

हा प्रश्न घरापुरता नाही. कित्येक गावांत शुद्ध पाण्याचं यंत्र मेंब्रेनसाठी बंद आहे, पथदिव्यांचे ड्रायव्हर गेले आहेत, पंचायतीचा संगणक कोपऱ्यात धूळ खातो आहे. खरेदी झाली, उद्घाटन झालं, पण दुरुस्तीची तरतूदच नव्हती. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी यापुढं खरेदीच्या अटींतच लिहावं: सुटे भाग किती वर्षं मिळतील, त्यांचे दर काय, बिघाड झाल्यावर किती दिवसांत माणूस येईल. दर दिले नाहीत तर ती निविदा स्वस्त दिसली तरी स्वस्त नाही.

दुसरं काम डीपीचं. ग्रामसभेत डीपीच्या भाराचा आणि ढिल्या जोडण्यांचा विषय घ्यावा, ठराव वीज कंपनीच्या उपविभागाला पाठवावा, जळालेल्या यंत्रांची यादी सोबत जोडावी. एकट्याच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असतं.

तिसरं, गावातल्या पोरांचं. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेली मुलं प्रत्येक गावात दोन-चार असतात. पंचायतीनं एक गाळा दिला आणि बचत गटानं नेहमीच्या भागांचा छोटा साठा ठेवला, तर कपलरसाठी तालुक्याची खेप घालावी लागणार नाही.

आणि घेणाऱ्यांनी एवढं करावं. लगीनसराईत किंवा दिवाळीला वस्तू घेताना किमतीत शंभर-दोनशे सोडून द्या म्हणून घासाघीस करतो, तेव्हा आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: तालुक्यात दुरुस्ती कोण करतं? बोर्ड, मोटर, भांडं सुटं केवढ्याला मिळतं? वॉरंटीत नेमकं काय धरलं आहे? दुकानदार उत्तर देत नसेल तर पुढच्या दुकानात जावं. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. मग पंधरा हजारांची वस्तू घेताना नुसता रंग बघून कसं चालेल?