इंग्लंडचा समुद्र, दोन चिमुरडी आणि आजीचं उधाण

मंडळाच्या हळदीकुंकवाला हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "आमचे दीर इंग्लंडला असतात, मे महिन्यात जायचं म्हणतोय. मुलांना तिथला समुद्र दाखवावा का? की उगाच थंडीत कुडकुडायचं?" आम्ही २०२३ च्या जूनमध्ये हा उद्योग करून आलो. बरोबर सहा वर्षांची लेक, तीन वर्षांचा मुलगा आणि वेंगुर्ल्याचं माहेर असलेल्या सासूबाई. काय जमलं, काय फसलं आणि एका संध्याकाळी आम्ही सगळे कसे वेळेवर शहाणे झालो, ते इथे सांगते. तुमची तयारी तेवढी सोपी होईल.

कधी जावं?

इंग्लंडमधल्या शाळांना मोठी सुटी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. त्या सहा आठवड्यांत किनाऱ्यावर मुंगीला शिरायला जागा नसते आणि घरांची भाडी दुप्पट वाटावीत इतकी चढतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही त्यांना आठवडाभर सुटी असते. तो आठवडा टाळून जूनचा पहिला आठवडा धरला, तर आपली शाळा उघडायच्या आत परत येता येतं आणि किनाराही मोकळा मिळतो. सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवस संपतच नाही. फक्त मुलांना झोपवताना खोलीचे पडदे जाड आहेत ना, हे बघा. आमचा धाकटा साडेआठला "अजून दुपार आहे" म्हणून वाद घालत बसायचा.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा. पाणी गार असतं. दक्षिण किनाऱ्यावर ऑगस्टमध्येसुद्धा समुद्राचं तापमान १६ ते १८ अंश असतं, जूनच्या सुरुवातीला त्याहून कमी. दमण किंवा तिथल सारखं तासभर डुंबायचं नाही. दहा मिनिटं पाण्यात, मग टॉवेल, कोरडे कपडे आणि काहीतरी गरम प्यायला. मुलांना खरं तर तेवढंच हवं असतं. बाकीचा दिवस बादली, फावडं आणि वाळू यांतच जातो.

व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय निघू नका. तिथल्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागातली तपासणी फुकट असली, तरी दाखल करावं लागलं की पाहुण्यांना पैसे मोजावे लागतात.

कुठे जावं?

आपल्या डोक्यात किनारा म्हणजे वाळू. तिथे तसं नसतं. लंडनहून ब्रायटन रेल्वेने तासाभरावर आहे, सोयीचंही आहे, पण तिथे वाळू नाही, गोटे आहेत. तीन वर्षांच्या पोराला त्यावर चालता येत नाही, आणि ते गोटे दुसऱ्याच्या दिशेने फेकण्यात त्याला फार रस असतो. ब्रायटनला मोठ्या मुलांना जरूर न्या. तिथला घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन पाहिला की आपलाच एखादा राजवाडा वाटतो. पहिल्या महायुद्धात त्यात जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. गावाबाहेरच्या टेकडीवर, जिथे हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, तिथे १९२१ पासून पांढरी छत्री उभी आहे.

लहानग्यांसाठी आम्ही निवडलं वेमथ. उथळ उपसागर, बारीक वाळू, गाढवावरची फेरी आणि सुटीच्या दिवसांत बाहुल्यांचा खेळ. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून थेट गाडी आहे, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. त्याच मार्गावर बोर्नमथ आहे, तिथेही मैलोन्‌मैल वाळू. लंडनच्या पूर्वेला राहणाऱ्यांकडे उतरला असाल तर मार्गेट जवळ पडेल. पश्चिमेकडच्या वेस्टन-सुपर-मेअरला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे ओहोटीला समुद्र खूप लांब जातो आणि मागे चिखल उरतो. त्या चिखलात पाय रुततो, तिथे तशा पाट्याही आहेत. मुलं पाण्याच्या शोधात तिकडे धावतात, म्हणून नजर हवी.

आपल्या बडोदेकरांसाठी एक जोडधागा. याच दक्षिण किनाऱ्यावरच्या बेक्सहिल गावी कूचबिहारचे महाराजा नृपेंद्र नारायण हवापालटासाठी गेले होते आणि १९११ मध्ये तिथेच वारले. दोन वर्षांनी त्यांचे चिरंजीव जितेंद्र नारायण यांच्याशी आपल्या इंदिराराजेंचं लग्न झालं, तेही लंडनमध्ये.

राहणं, फिरणं, खाणं

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं घर किंवा कॅरव्हॅन घ्या. सकाळी मुलांच्या पोटात मऊ भात-मेतकूट गेलं की अर्धी लढाई जिंकली. येताना खाखरे, मेतकूट, भडंग भरपूर आणा. पेढे, श्रीखंडवडी मात्र नको, भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यावर तिथे बंदी आहे.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना अर्धं. 'फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड' काढलंत तर मोठ्यांच्या तिकिटात एक तृतीयांश आणि मुलांच्या तिकिटात साठ टक्के सूट मिळते. एका लांबच्या प्रवासातही कार्डाचे पैसे बऱ्यापैकी वसूल होतात. मोटारीने जाणार असाल तर मुलांच्या खुर्च्यांची सोय आधी करा. बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर ती खुर्ची कायद्याने लागते. "मांडीवर घेते ना मी" हे तिथे चालत नाही.

किनाऱ्यावर सगळीकडे मासे आणि चिप्स. शाकाहारी मंडळींनी चिप्स कशात तळल्यात हे विचारून घ्यावं. काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, गाईच्या चरबीत तळतात. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं. आणि सीगलपासून सावध! लेकीच्या हातातलं आइस्क्रीम एका झपाट्यात गेलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही तिची समजूत काढत होतो. पाठ भिंतीकडे करून बसून खावं, हा धडा तिथे शिकलो.

आजींचं उधाण

आता त्या संध्याकाळची गोष्ट. दिरांच्या गाडीने आम्ही लाइम रीजिस आणि चारमथला गेलो होतो. हा सगळा भाग 'जुरासिक कोस्ट' म्हणून जागतिक वारसा आहे. कड्यांमधून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सुटून वाळूत पडतात. १७९९ मध्ये लाइम रीजिसला जन्मलेल्या मेरी ॲनिंग या सुताराच्या मुलीने इथेच प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे शोधले. लेकीला गोगलगायीसारखा वळलेला एक इवलासा अमोनाइट सापडला आणि मग तिला थांबवणं अशक्य झालं.

साडेचारच्या सुमाराला ठरलं, चारमथहून लाइमला किनाऱ्यानेच चालत जाऊ. वाळू रुंद, कोरडी. दोन-तीन किलोमीटर तर आहे. निघालोही. थोडं पुढे गेलो तर सासूबाई थांबल्या.

"हे बघ, मघाशी हा खडक कोरडा होता. आता भिजतोय."

"आई, लाट आली असेल एखादी," इति आमचे हे.

"परवा वटपौर्णिमा झाली ना? मग हे उधाणाचे दिवस. परत चला."

त्यांचा आवाज असा होता की कोणी वाद घातला नाही. परत आलो. तासाभराने वरून पाहिलं तेव्हा आम्ही जिथून जाणार होतो तिथे पाणी कड्याच्या पायथ्याला टेकलं होतं. मागे पाणी, पुढे पाणी, बाजूला ढासळणारा मातीचा कडा आणि कडेवर तीन वर्षांचं पोर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पाटी तिथे होती. आम्ही वाचली नव्हती. दोष कुणाला देणार?

यातली गंमत अशी. कोकणात तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी द्वितीया, म्हणजे आईंच्या हिशोबाने भरती दीड वाजता. तिथे दीडच्या सुमाराला होती चक्क ओहोटी! भरतीची वेळ प्रत्येक बंदराची वेगळी, त्यामुळे वेंगुर्ल्याचं गणित लाइमला लागू पडत नाही. पण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, हे सगळ्या जगात सारखंच. चंद्र एकच आहे ना! आपण कावी-कंबोईला जाऊन स्तंभेश्वराचं शिवलिंग भरतीत बुडताना हात जोडून बघतो, आणि परदेशात गेलो की समुद्र जागचा हलत नाही असं समजतो.

म्हणून एवढं कराच

रोज सकाळी त्या गावाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर बघा आणि घराच्या दारावर चिकटवा. जीवाश्म शोधायचे तर पाणी उतरत असताना जा, ओहोटीच्या वेळेला परत फिरा आणि कड्यापासून लांब राहा. चारमथच्या केंद्रात जाणकारांबरोबरच्या फेऱ्या असतात, मुलांसाठी त्या उत्तम.

जीवरक्षक असतील त्याच किनाऱ्यावर पाण्यात उतरा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा आंघोळीची. काळे-पांढरे चौकोन म्हणजे फळीवाल्यांची जागा. पूर्ण लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. जूनच्या सुरुवातीला सगळ्या किनाऱ्यांवर रोज जीवरक्षक नसतात, ते आधी पाहून घ्या.

हवेने फुगवलेल्या ट्यूब आणि मगरी दुकानात लटकताना दिसतील, मुलं हट्ट धरतील. त्या तरणतलावात वापरा. जमिनीकडून समुद्राकडे वारा असला की पोरासकट ट्यूब बघता बघता आत जाते. नारिंगी वाऱ्याची पिशवी उभारलेली दिसली की त्याचा अर्थ हाच.

मुलांना घरीच खेळता खेळता शिकवा, पाण्यात घाबरायला झालं तर हातपाय मारायचे नाहीत, पाठीवर तरंगायचं. तिथली १८२४ पासूनची आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था हेच सांगते. संकट दिसलं तर ९९९ लावून 'कोस्टगार्ड' मागायचं. स्वतः पाण्यात उडी घ्यायची नाही.

जोराचा पाऊस पडून गेला की एक-दोन दिवस डुंबणं टाळा, काही ठिकाणी सांडपाणी समुद्रात येतं. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, तरी कातडी भाजते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन हवंच. वाऱ्याला आडोसा म्हणून काठ्यांचं कापडी कुंपण मिळतं, ते पहिल्याच दिवशी घ्या. त्याच्या आत सासूबाई स्वेटर घालून, मांडीवर खाखऱ्यांचा डबा घेऊन आरामात बसायच्या.

लेकीचा अमोनाइट सध्या आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. शेजारी आईंनी वेंगुर्ल्याहून आणलेला शंख. परवा लेकीने आजीला विचारलं, "आजी, आज तिथी काय?" बोटांवर पाऊणपट करून तिने वेळ काढली आणि म्हणाली, "वेंगुर्ल्याला आत्ता भरती असेल. लाइमचं मात्र बघावं लागेल."