दोरा कोण बदलतं? घरी बांधलेलं भरतकामाचं यंत्र आणि त्यातून सुचलेलं थोडं तत्त्वज्ञान

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही 'भरतकामाचं यंत्र' असं सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेला माणूस, वय सत्तरीच्या पुढं. वेदान्तावर बोलेल, फार तर स्पिनोझावर, अशी त्यांची अपेक्षा असणार. पण गेली दोन वर्षं आम्ही खरोखरच या यंत्राच्या नादी लागलो आहोत. कार्यकारणभावाबद्दल वर्गात शिकवताना जे नीट उमगलं नव्हतं, त्यातलं काही या यंत्रापाशी बसून उमगलं. तेव्हा आज तेच सांगतो.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो. शेजारी एक ताई शिवणकाम करतात. ब्लाउजवर आरीचं काम, मशीनवरचं भरतकाम, सगळं करतात. दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, अख्खं ब्लाउज मी शिवते, पण पाठीवरच्या मोरासाठी गिऱ्हाईक कॉम्प्युटरवाल्याकडे जातं. मग पुढच्या वेळी शिलाईसुद्धा तिकडंच देतं. ते मशीन घरी करता येईल का?" बाजारात आठ-दहा सुयांचं यंत्र घ्यायचं तर किंमत काही लाखांत. आमचा नातू तंत्रनिकेतनात शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, बघू तर करून." झालं, तिघं मिळून कामाला लागलो.

सुई जागेवर, कापड फिरतं

आधी हात काय करतो ते बघू. घरच्या पायमशीनवर भरतकाम करताना बाई काय करते? कापड दाबून धरणारा पाय काढते, कापड पुढं ढकलणारे दाते निकामी करते, आणि गोल रिंगेत ताणलेलं कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवते. सुई आपली वर-खाली होत राहते. म्हणजे चित्र काढताना पेन फिरतं तसं इथं होत नाही. इथं पेन जागेवर आणि कागद फिरतो.

एवढं लक्षात आलं की यंत्राचा अर्धा भाग समजला. हालचाली तीनच: सुई वर-खाली, रिंग डावी-उजवी, रिंग मागं-पुढं. आणि अट एकच, पण ती कडक: सुई कापडाच्या बाहेर असेल तेव्हाच रिंग हलली पाहिजे. सुई कापडात असताना रिंग हलली तर सुई वाकते, नाही तर मोडते.

आता आकडे बघा. आम्ही रिंगेसाठी दोन स्टेपर मोटारी घेतल्या. ही मोटार सलग फिरत नाही, एकेक पाऊल टाकते. एक पाऊल 1.8 अंशांचं, म्हणून पूर्ण फेऱ्याला 200 पावलं. मोटारीवर 20 दातांची पुली आणि दर 2 मिलिमीटरला दात असलेला पट्टा. एका फेऱ्यात रिंग 40 मिलिमीटर सरकते, म्हणजे एका पावलाला 0.2 मिलिमीटर. मोटार चालवणारं सर्किट त्या पावलाचे आणखी 16 भाग करतं. शेवटी हिशेब असा, की एका मिलिमीटरला 80 बारीक पावलं. कापडाच्या कामाला हे भरपूर झालं.

सुई कुठं आहे हे यंत्राला कसं कळणार? शिलाई मशीनच्या हातचाकावर एक लहानसं चुंबक चिकटवलं आणि समोर चुंबक ओळखणारा सेन्सर लावला. सुई वर आली की सेन्सर खूण करतो आणि आर्डुइनो नावाचा छोटा फलक मोटारींना 'चला' म्हणतो. हा आर्डुइनो 2005 साली इटलीत विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून तयार झाला. आज जालन्यातलं पोरगंही तो ऑनलाइन मागवतं. मिनिटाला 200 टाके या वेगानं एका टाक्याला 300 मिलिसेकंद मिळतात. त्यातला साधारण निम्माच वेळ सुई बाहेर. दीडशे मिलिसेकंदांत रिंग हलून थांबली पाहिजे. कारखान्यातलं यंत्र मिनिटाला 800 टाके मारतं, तिथं अख्ख्या टाक्यालाच 75 मिलिसेकंद. म्हणून आम्ही वेगाचा मोह धरला नाही.

पहिली फजिती इथंच झाली. जालना हे लोखंडाचं गाव. सळईचे कारखाने आपल्याकडे, वेल्डिंगवाले गल्लोगल्ली. आम्ही रिंगेची सरकती चौकट लोखंडी करून घेतली, दणकट! मोराची बाह्यरेषा एकीकडं आणि आतलं भरण दुसरीकडं. जड चौकट ओढताना मोटारीची पावलं चुकत होती. आणि गंमत अशी, की मोटारीला आपण चुकलो हे कळतच नव्हतं. ती आज्ञा मोजते, प्रत्यक्ष हललेलं मोजत नाही. हात चुकला तर डोळा त्याला सांगतो. इथं सांगणारं कुणी नव्हतं. ॲल्युमिनियमची हलकी चौकट केली तेव्हा मोर जागेवर आला.

छिद्रापासून फाइलीपर्यंत

हे सगळं नवं आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये लियाँच्या जाकारनं 1804 साली माग केला. त्यात छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ होती. छिद्र असेल तर दोरा उचलायचा, नसेल तर नाही. नक्षी विणकराच्या हातातून निघून पुठ्ठ्यावर गेली. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. म्हणजे कॉम्प्युटरचं एक मूळ कापडाच्या धंद्यात आहे, बरं का.

आज पुठ्ठ्यांऐवजी फाइल असते. भरतकामाच्या धंद्यात सर्रास चालणारी फाइल डीएसटी, जपानच्या ताजिमा कंपनीची. तिची रचना बघून आम्ही हरखून गेलो. प्रत्येक टाक्याला फक्त तीन बाइट. 'इतकं उजवीकडं, इतकं वर' हे दशांश मिलिमीटरमध्ये लिहायचं, आणि तेही 1, 3, 9, 27 आणि 81 या पाच वजनांनी. मोंढ्यातला जुना तराजू आठवा. वजन दोन्ही पारड्यांत टाकायची मुभा असेल तर 5 किलो कसं तोलाल? एका पारड्यात 9, दुसऱ्यात धान्याबरोबर 3 आणि 1. नऊ वजा चार, पाच! या पाच वजनांनी 1 ते 121 पर्यंतचं काहीही तोलता येतं. म्हणून या फाइलीत एका झेपेत एका दिशेला जास्तीत जास्त 12.1 मिलिमीटर जाता येतं. त्याहून लांब जायचं तर उड्या माराव्या लागतात.

आता मुख्य गोष्ट. या फाइलीत रंग कुठं लिहिलेला असतो? कुठंच नाही! लाल, हिरवा, पिवळा असं काहीही नाही. ठरावीक जागी फक्त एक खूण असते: 'थांब, बदल'. कशातून कशात बदल, ते यंत्राला ठाऊक नसतं. मोराच्या गळ्याला निळ्याऐवजी काळा दोरा ओवला तर यंत्र तितक्याच निष्ठेनं काळा मोर काढील.

दोरा बदलणं म्हणजे नेमकं काय

आमच्या यंत्राची पहिली अवस्था साधी होती. खूण आली की यंत्र थांबायचं, शिट्टी वाजायची, ताई येऊन दोरा बदलायच्या. बारा फुलांची वेल घेतली होती. प्रत्येक फुलाला हिरवं पान, लाल पाकळ्या, पिवळा मध. नातवानं इंकस्टिच या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फूल काढलं आणि त्याच्या बारा नकला केल्या. परिणाम? बारा गुणिले तीन, 36 वेळा दोरा ओवायचा, म्हणजे 35 बदल. एका बदलाला दीड मिनिट धरलं तरी 52 मिनिटं नुसती दोऱ्यात गेली.

ताई म्हणाल्या, "असं कुणी भरतं का? आधी सगळी पानं, मग सगळ्या पाकळ्या, मग मध." छत्तीसचे तीन झाले. नातवानं लगेच रंगांप्रमाणे क्रम लावून टाकला. ताईंनी पडद्याकडे बघितलं आणि परत थांबवलं. "इथं दुसऱ्या फुलाचं पान पहिल्याच्या पाकळीवरून जातं. सगळी पानं आधी भरलीस तर हे पान पाकळीखाली दबेल." मग पुन्हा क्रम बदलला: हिरवा, लाल, परत हिरवा, परत लाल, शेवटी पिवळा. पाच वेळा ओवणं, चार बदल. 35 आणि 2 यांच्या मधली ही चार ही संख्या कुठल्या सूत्रातून आली नव्हती. काय कशावर बसतं, हे बघणाऱ्या डोळ्यातून ती आली.

दुसरी अवस्था आपोआप बदलाची. इथं लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, यंत्र सुईतला दोरा काढून दुसरा ओवतं. तसं नसतं. प्रत्येक रंगाला वेगळी सुई असते, दोरा आधीच ओवलेला. खाली बॉबिन आणि हुक मात्र एकच. सगळ्या सुया एका सरकत्या डोक्यात शेजारी शेजारी असतात. 'बदल' म्हटलं की डोकं बाजूला सरकतं आणि हवी ती सुई हुकाच्या बरोबर वर येते. वर-खाली करणारा दांडा समोर आलेल्या सुईलाच पकडतो. बाकीच्या स्प्रिंगनं वरच धरलेल्या राहतात.

आम्ही चार सुयांचं डोकं केलं. त्यातली खरी अडचण डोकं सरकवण्याची नव्हती. सुई खालून परत वर निघताना दोऱ्याचा छोटासा फास पडतो आणि हुकाचं टोक तो फास उचलतं. सुई आणि हुक यांत जेमतेम केसाएवढी फट लागते. एका सुईसाठी ती जमवणं सोपं. चारही सुया त्याच जागी तशाच येऊन थांबल्या पाहिजेत. आमची तिसरी सुई सहा महिने टाके गाळत होती. आणि दोरा कापणं अजून आमच्याकडून झालेलं नाही. कापताना सुईपुढं शेपटी ठेवावी लागते. फार आखूड राहिली तर पुढच्या टाक्याला दोरा सुईतून निसटतो. तेव्हा बदल आपोआप होतो, पण कात्री अजून ताईंच्या हातात आहे. हे कबूल केलेलं बरं.

सातवा रंग

आता थोडं आमच्या विषयाकडं येऊ. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि दाखला वस्त्राचाच आहे. तंतू हे पटाचं समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी, आणि मागाची साधनं हे निमित्त कारण. वर्गात आम्ही हे घोकून घेत होतो. भरतकामात कापड आधीच तयार असतं, तेव्हा दाखला तंतोतंत लागू होत नाही. पण प्रश्न लागू होतो. आमचं यंत्र कुठल्या खात्यात? निमित्तात, यात शंका नाही. पण क्रम ठरवणारी ताईसुद्धा निमित्तच. मग दोघांत फरक काय?

त्याच ग्रंथात रंग सात सांगितले आहेत. पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि सातवा 'चित्र'. अनेक रंगांच्या दोऱ्यांच्या वस्त्राचा रंग कोणता, असा तो प्रश्न. नैयायिक म्हणतात, एकेक रंग सगळं वस्त्र व्यापत नाही आणि वस्त्राला रंगच नाही म्हणावं तर ते दिसणारच नाही. म्हणून 'चित्र' हा वेगळा रंग मानावा. आम्हाला हा युक्तिवाद पूर्वी ओढून ताणून केलेला वाटायचा. आता नाही वाटत. चारपैकी प्रत्येक सुईला एकच दोरा. फाइलीला तर एकही रंग माहीत नाही. मोराचा रंग, तो 'चित्र', यंत्रात कुठल्याही एका जागी सापडत नाही. तो आधी ताईंच्या नजरेत असतो आणि शेवटी कापडावर. मधल्या सगळ्या वाटेवर नुसतं 'थांब, बदल'. फरक असलाच तर इथं आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण कडेनं गोदावरी वाहते, तिच्याच काठी वर पैठण. पैठणीचा विणकर पदरावर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली वापरतो. रंग आपल्या नक्षीपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि परत फिरतो. तिथं दोरा बदलणारा आणि चित्र बघणारा माणूस एकच आहे. यंत्र ही दोन कामं वेगळी करतं. दोरा बदलायचं कष्टाचं काम ते घेतं, ते खुशाल घेऊ दे. पण बघण्याचं काम त्याच्याबरोबर गेलं असं समजून आपण त्याची मजुरी द्यायचं थांबवतो, घोटाळा तिथं होतो. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचं आरसे-कवड्यांचं भरतकाम बघा. त्याची एकदा फाइल झाली की हजार नकला निघतील, आणि जिच्या डोळ्यांनी तो क्रम ठरवला तिला त्यातलं काहीही मिळणार नाही. याला उत्तर तंत्रज्ञानात नाही. ते आपण हिशेब कसा धरतो यात आहे.

आमच्या ताईंनी स्वतःपुरता हिशेब बदलला आहे. या लग्नसराईत मोर त्यांनी घरीच काढले. पावतीवर त्या आता दोन ओळी लिहितात: 'मशीनचे टाके' आणि खाली 'नक्षी व रंग'. दुसरी रक्कम पहिलीपेक्षा जास्त असते. गिऱ्हाईक विचारतं, हे कशाचे? ताई सांगतात, "मशीनला रंग कळत नाही, त्याचे."

तुमच्यापैकी कुणाला असं यंत्र करायचं असेल तर जरूर या, हातानं फिरवून बघा. तिसऱ्या सुईला तेवढा हात लावू नका.