आई दूर असते, म्हणूनच पिल्लू वाचतं

परभणी जिल्ह्यात हरभऱ्याची काढणी सुरू झाली, की कुठल्या ना कुठल्या शिवारात हे घडतंच. झुडपं उपटत माणसं पुढं सरकत असतात आणि अचानक ढेकळाला चिकटून बसलेलं मुठीएवढं सशाचं पिल्लू दिसतं. डोळे टक्क उघडे, कान पाठीवर चापून बसवलेले, अंगावर दाट तपकिरी केस. माणूस हातभर अंतरावर आला तरी ते जागचं हलत नाही. ‘आईनं टाकलं बिचाऱ्याला,’ असं कुणीतरी म्हणतं. पिल्लू रुमालात गुंडाळून घरी येतं, वाटीत गाईचं दूध पुढं येतं आणि दोन-चार दिवसांत बहुधा ते दगावतं. दया खरी असते, अंदाज चुकलेला असतो. त्याला आईनं टाकलेलं नव्हतं. ती मुद्दाम लांब राहिली होती.

रानससा बीळ खोदत नाही. गवतात किंवा पिकात अंगापुरता खळगा करून तो दिवसभर दबून असतो. मादी जवळजवळ दीड महिना गर्भ वाढवते, त्यामुळे पिल्लं जन्मतःच तयार असतात. केस आलेले, डोळे उघडलेले, थोड्याच वेळात चालू लागणारी. लवकरच ती एकमेकांपासून पांगून वेगवेगळ्या जागी दडतात. एक कोल्ह्याला सापडलं तरी बाकीची वाचावीत, असा हा हिशेब. पिल्लांच्या अंगाला वास फार कमी असतो. मोठ्या मादीला मात्र वास असतो, आणि तिच्या मागावर कोल्हे, कुत्री, रानमांजरं असतात. ती पिल्लापाशी बसून राहिली तर शत्रूला पत्ताच देईल. युरोपातल्या तपकिरी सशांच्या अभ्यासात आढळलं, की मादी चोवीस तासांत साधारण एकदाच, सूर्य मावळल्यावर, पिल्लांकडे येते. ती ठरल्या जागी गोळा होतात, काही मिनिटांत पोटभर पितात आणि पुन्हा पांगतात.

दिवसाकाठी चार-पाच मिनिटं पाजून पिल्लू कसं जगतं? उत्तर दुधातच आहे. सशाच्या जातकुळीतलं दूध विलक्षण दाट असतं. पाळीव सशाच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण तिप्पट असतात. वाटीतलं गाईचं दूध म्हणूनच पिल्लाला पुरत नाही आणि पचतही नाही. घाईनं पाजलं तर ते फुफ्फुसात जातं, हा वेगळा धोका.

आपला रानससा म्हणजे लेपस नायग्रिकोलिस. त्याचे दोन मुख्य प्रकार जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनी सांगितले. उत्तरेकडचा तांबूस शेपटीचा आणि दक्षिणेकडचा मानेवर काळा पट्टा असलेला. या दोघांमधली सीमा त्यांनी ढोबळमानानं गोदावरी मानली. आणि गोदावरी तर पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम करत या जिल्ह्यातूनच वाहते. प्राणी काही नकाशा बघून राहत नाहीत, पण परभणीच्या माणसानं रात्री गाडीच्या उजेडात ससा दिसला तर एकदा त्याची मान आणि शेपूट न्याहाळायला हरकत नाही.

मग अशा पिल्लाला मदत करायची कशी? अंगावर जखम नसेल आणि ते तरतरीत असेल, तर तिथंच सोडून द्यायचं. काढणी थांबवता येत नसेल तर मूठभर गवतासकट अलगद उचलून चार पावलांवरच्या उभ्या पिकात किंवा बांधाच्या गवतात ठेवायचं आणि कुत्री व बघे दोन्ही लांब ठेवायचे. जमलं तर तेवढा तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत राखायचा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, ही समजूत धरून त्याला घरी आणू नये. जुन्नर भागात वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं उसात सापडलेल्या बिबट्याच्या बछड्यांबाबत हेच तत्त्व वापरतात. बछडा तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवला जातो आणि अंधारात आई येऊन घेऊन जाते. बिबट्या असो वा ससा, आईइतकं चांगलं संगोपन केंद्र अजून कुणी बांधलेलं नाही.

कुत्र्यानं तोंडात धरलेलं, जखमेवर माश्या बसलेलं, गार पडून लुळं झालेलं किंवा जवळच आई मरून पडलेली असेल असं पिल्लू मात्र खरंच अडचणीत असतं. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवायचं. दूध नाही, पाणी नाही, फोटोसाठी हाताळणं तर नाहीच, कारण पकडलं जाण्याच्या नुसत्या भीतीनंही ससा मरू शकतो. मग वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला वाघूर म्हणजे जाळं लावून धरणं गुन्हा आहे, आणि मायेनं पिंजऱ्यात पाळणंही गुन्हाच.

आठवडी बाजारात किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा हा अगदी निराळा प्राणी. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात कळपानं राहणारे. त्याच्या पेशीत 44 गुणसूत्रं, रानसशाच्या पेशीत 48. दोघांचा संकर होत नाही. त्याची पिल्लं 30-31 दिवसांत, बिनकेसांची आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. घरी कंटाळा आला म्हणून असा ससा शिवारात ‘मोकळा’ सोडणं म्हणजे त्याला कुत्र्यांपुढं टाकणं. काळ्या मातीवर पांढरा रंग लांबून दिसतो, आणि मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास गेला की बिनबिळाचा हा प्राणी तासाभरात कोसळू शकतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानातल्या रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकतो, पण भोवतालची हवाच अंगाहून तापली की ही सोय चालत नाही.

अशा सोडून दिलेल्या सशांसाठी जगभर गट उभे राहिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1988 मध्ये हाऊस रॅबिट सोसायटी सुरू झाली आणि ससा हा परसातल्या खुराड्यातला नव्हे, घरातला प्राणी आहे, हा विचार तिनं रुजवला. जखमी वन्यप्राण्यांसाठी आपल्याकडंही सोय आहे. पुण्यात बावधनला वनविभागासोबत रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र चालवते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर असंच केंद्र आहे. मुंबईत परळचं प्राण्यांचं रुग्णालय तर 1883 पासून चालू आहे.

पाळीव सशांसाठीच्या गटात स्वयंसेवक नेमकं काय करतो? बराचसा वेळ लेंड्या बघतो. सशाचं सगळं आरोग्य त्यात उमटतं. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरडी, वाटाण्याएवढी, आपल्याला दिसणारी. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी. ती तो बहुधा रात्री थेट गुदद्वारापासूनच तोंडात घेऊन गिळतो, म्हणून सहसा नजरेस पडत नाही. त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात जिवाणू गवत आंबवतात आणि जीवनसत्त्वं तयार करतात. तेच धन दुसऱ्या फेरीत पचवलं जातं. हे यंत्र थांबलं तर घात. बारा तास ससा काही खात नसेल आणि लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट पाहायची नसते, लगेच पशुवैद्य गाठायचा असतो. सशाला उलटी करता येत नाही, म्हणून आत गेलेलं विष आतच राहतं. माणसाच्या औषधपेटीतलं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससाच दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा फवाराही त्याला घातक.

उचलण्याचीही रीत आहे. सशाची मागची तंगडी जबर ताकदीची आणि पाठीचा कणा नाजूक. कान धरून उचललं आणि त्यानं हवेत लाथ झाडली, तर त्याच झटक्यानं त्याचा कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या अंगाशी घट्ट. नवा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी हे शिकतो.

दुसरा धडा नर-मादी ओळखण्याचा. मादीचं बीज समागमानंतर, साधारण दहा-बारा तासांत सुटतं. पाळीबिळीची वाट नाही. व्याल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. दुकानातून ‘दोन्ही माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीची काही महिन्यांत फौज होते ती अशी. म्हणून वेगवेगळे ठेवणं आणि शस्त्रक्रिया करून घेणं, हे दोन उपाय बाकी सगळ्या दयेपेक्षा मोठे ठरतात. वाढत्या वयाच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. शस्त्रक्रियेनं तोही टळतो.

अशा गटाला सगळ्यात जास्त लागतं ते वाळलेलं गवत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. गाजर हे चित्रातलं खाणं. त्यात साखर जास्त, म्हणून तुकडाभरच. मोठ्या सशाला रोज नुसता लसूणघास देणंही बरं नाही. अन्नातलं कॅल्शियम तो जवळजवळ सगळंच शोषतो आणि जास्तीचं मूत्रावाटे टाकतो, त्यातून मूत्राशयात गाळ साठतो. मुंबई-पुण्यातले ससे पाळणारे परदेशी गवताची पुडकी विकत घेतात. परभणीच्या बांधावर तेच काम करणारं पवना गवत आणि हरळी आहे.

आणखी एक जमेची बाजू. परभणीत 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालचं. गायी-म्हशींच्या जिल्ह्यात सशांचे डॉक्टर व्हायला निघालेली मुलं-मुली इथं आपसूक मिळू शकतात. कृषी विद्यापीठही इथंच आहे, शेतकऱ्यांपर्यंत काढणीच्या वेळची सूचना पोचवायला त्याहून चांगला मार्ग कोणता? घरातली एक सावलीची खोली, आठवड्याला एक भारा गवत, रात्री-अपरात्री गाडी काढण्याची तयारी आणि चार जणांचे फोन नंबर, एवढ्या भांडवलावर गावपातळीवर काम सुरू होतं. त्याआधी शिकायचं ते मात्र अवघड आहे. हात पुढं करण्याआधी प्राणी ओळखायचा, आणि रानातलं पिल्लू धडधाकट असेल तर हात मागं घ्यायचा.