वसंतांतील पांखरांची पाहणी

माघ संपून फाल्गुन लागला, ज्वारी काढणीस आली व पळस फुलले, म्हणजे देशावरील शिवारांत पांखरांची मोठी ये-जा सुरू होते. थंडीपुरतीं आलेलीं पांखरें उत्तरेकडे परत निघतात, येथलीं पांखरें घरट्यांच्या उद्योगास लागतात, आणि ऊन चढूं लागलें कीं कांहीं नवीं पांखरें दक्षिणेकडून व समुद्रापलीकडून येतात. शहरांतील पक्षिनिरीक्षक या दिवसांत दुर्बिणी घेऊन हिंडतात व कोणास काय दिसलें तें एकमेकांस कळवितात. अशा नोंदी एकत्र करून देशांतील ९४२ जातींच्या पक्ष्यांचा एक अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास तीस हजारांवर निरीक्षकांच्या नोंदींचा आधार आहे. तारेवर बसून शेतांतले किडे टिपणारा नीलपंख, हा आपल्या नित्य पाहण्यांतला पक्षीही कमी होत चालला आहे, असें त्यांत दिसून आलें. परंतु हे निरीक्षक बहुधा तळीं, धरणें व जंगलें यांकडे वळतात. कोरडवाहू शिवारांत बारा महिने उभा असतो तो शेतकरी, आणि त्याची वही कोरी आहे. ती कशी भरावी व तिचा उपयोग काय, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

आरंभ भोरड्यांपासून करूं. कारण ज्यानें गोफण हातांत धरली आहे त्यास त्यांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. ज्वारी दाण्यांत आली कीं त्या हजारांच्या थव्यांनीं कणसांवर उतरतात, व माळ्यावरून ओरडून राखणदाराचा घसा बसतो. हें नुकसान खोटें नव्हे, आणि पक्षिप्रेमाच्या भरांत तें झांकून ठेवणें आम्हांस पसंत नाहीं. तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. याच भोरड्या नाकतोडे व टोळ खातात, आणि पळस, पांगारा, सांवर यांच्या फुलांतील मध पितांना एका फुलाचे पराग दुसऱ्यास पोंचवितात. त्यांचें घर आपल्याकडे नाहीं. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मैदानांत, दगडांच्या फटींतून, त्या मे-जूनच्या सुमारास घरटीं करतात व पिलांस मुख्यत्वेंकरून टोळ आणि नाकतोडे चारतात. चीनच्या शिंच्यांग प्रांतांत टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांच्यासाठीं दगडांचे ढीग मुद्दाम रचून देतात. म्हणजे येथें जी चोर, ती तेथें राखणदार! आणखी एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. दिवाळीच्या सुमारास भोरडीचा रंग मळकट असतो; फाल्गुन-चैत्रांत तीच पाठीपोटावर गुलाबी व डोक्यापंखांवर चकचकीत काळी दिसते. हें नवीं पिसें येऊन होत नाहीं. पिसांच्या मळकट कडा झिजून जातात व आंतला रंग उघडा पडतो. थवा गुलाबी दिसूं लागला कीं त्याचे जाण्याचे दिवस जवळ आले असें समजावें. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे निघून गेलेले असतात.

पाटाच्या पाण्याकडेनें शेपूट हालवीत चालणारा धोबी याच सुमारास नाहींसा होतो. मात्र येथें घोटाळा होण्याचा संभव आहे. पांढरा धोबी व पिवळा धोबी हे पाहुणे. पण आकारानें मोठा, काळा-पांढरा, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला कवड्या धोबी बारमाही येथलाच. तो वैशाखांत नदीकांठीं दिसला म्हणून यंदा धोबी गेलाच नाहीं, असें लिहूं नये.

याच्या उलट प्रकार पावशाचा. उन्हाळा तापूं लागला कीं "पेरते व्हा, पेरते व्हा" ही त्याची हांक ऐकूं येते, व लोक म्हणतात, पावशा आला. वास्तविक तो बहुधा येथेंच असतो. थंडींत मुका असतो, एवढेंच. सबब त्याच्यापुढें "आला" असें न लिहितां "प्रथम ऐकला" असें लिहावें. खरा येतो तो नवरंग. दक्षिण भारत व श्रीलंका येथें थंडी काढून तो मे महिन्याच्या सुमारास घरट्यासाठीं इकडे येतो. त्याचा प्रवास रात्रींचा. दिव्याच्या उजेडास भुलून थकलेला नवरंग कधीं कधीं पडवींत सांपडतो. त्यास मांजरापासून दूर, काळोखांत स्वस्थ राहूं द्यावें, मग झाडीजवळ सोडावें, आणि तारीख लिहून घ्यावी. त्याच्या मागोमाग आफ्रिकेकडून पाऊस घेऊन यावा तसा तुरेवाला चातक येतो व सातभाईंच्या घरट्यांत अंडीं घालतो.

आतां तिथि लिहावी कीं तारीख? आम्ही स्वतः पंचांग पाहणारे आहों, तरी येथें आमचें मत तारखेच्या बाजूचें आहे. पांखरांस निघण्याची वेळ कळते ती मुख्यत्वें दिवस लांबत चालल्यावरून, आणि दिवसाची लांबी सूर्यावर अवलंबून. तिथि चंद्रावर चालते. ती दर वर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरते व अधिक मास पडला कीं पुन्हां पुढें जाते. रंगपंचमी २०२३ सालीं १२ मार्चला होती, २०२४ सालीं ३० मार्चला. दोन्ही वर्षीं भोरड्या रंगपंचमीस गेल्या असें लिहिलें, तर अठरा दिवसांचा फरक लपून जाईल. पावसाचीं नक्षत्रें मात्र सूर्याचीं आहेत. रोहिणी २५ मेच्या व मृग ७ जूनच्या आसपास दर वर्षीं लागतो. म्हणून "रोहिणींत चातक दिसला" ही नोंद तारखेइतकी नेमकी नसली तरी फसवी नाहीं.

नोंद कशी असावी हें पीकपाहणी ठाऊक असलेल्यास फार सांगणें नको. आमचीं चाकरींतलीं बरींच वर्षें गांवनमुने लिहिण्यांत गेलीं. चावडींत बसून भरलेलें पत्रक व बांधावर उभें राहून भरलेलें पत्रक यांतला फरक आम्ही ओळखतों. पांखरांचें तसेंच. तारीख, शिवार, संख्या, कोणत्या पिकांत व काय करीत होतें, इतकें असावें. स्वतः पाहिलेलें निराळें, दुसऱ्यानें सांगितलेलें निराळें. "पुष्कळ" हा शब्द टाळावा. थव्याचा एक कोपरा मोजून अदमास करावा. पुस्तकांतलें नांव ठाऊक नसेल तर गांवांत चालतें तें लिहावें. टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं म्हणजे पाऊस मोठा, असें कित्येक मानतात. आम्ही त्यास खरेंही म्हणत नाहीं व हंसतही नाहीं. दहा गांवांनीं दहा वर्षें अंड्यांची जागा व पाऊस लिहून ठेवावा. निकाल आपोआप लागेल.

आंकड्यांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यास गिधाडांचें उदाहरण पुरे. १९९० नंतरच्या दशकांत मेलेल्या गुरांवर गिधाडें उतरेनाशीं झालीं. खेडोपाडीं लोकांनीं हें पाहिलें, पण बहुतेकांनीं लिहून ठेविलें नाहीं. राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत मात्र आधींची मोजणी कागदावर होती; तिच्याशीं ताडून पाहतां ऱ्हास किती झपाट्याचा आहे तें ध्यानांत आलें. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ या अवधींत देशांत हजारास एक या प्रमाणांत उरलीं. कारण २००४ सालीं उजेडांत आलें. दुखणाईत गुरांस टोंचलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसावाटे पोटांत जाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी करीत होतें. आपल्या देशांत २००६ सालीं गुरांसाठीं तें बंद झालें. औषध गोठ्यांत, मेलेलें जनावर शिवाराबाहेर, दोन्ही आपल्याच नजरेखालचीं. तरी कारण सांपडण्यास इतकीं वर्षें गेलीं.

येत्या हंगामांत निदान भोरड्यांची एक नोंद प्रत्येक गांवांतून व्हावी. ती वाटते तितकी सोपी नाहीं. पांखरूं प्रथम दिसलें तो दिवस पाहतांक्षणींच कळतो. शेवटचें दिसलें तो दिवस मात्र त्या दिवशीं कोणासच कळत नाहीं. सबब १ मार्चपासून एप्रिलअखेर रोज सायंकाळीं, थवे रात्रीच्या झाडांकडे परततांना, "दिसल्या" किंवा "दिसल्या नाहींत" असें लिहीत जावें. ओळीनें आठ दिवस "नाहींत" पडलें, म्हणजे मागचें पान उलटून शेवटची तारीख काढावी व ती गांवाच्या नांवासह मेअखेर मंडळाकडे धाडावी. दक्षिणेकडील व उत्तरेकडील गांवांच्या तारखा शेजारीं मांडल्या कीं थवे कसे सरकत गेले तें दिसेल. वही नवी घेण्याचें कारण नाहीं. जुन्या खतावणीचीं कोरीं पानें चालतील.