बिलापायी घर गहाण टाकू नका

दवाखान्याचे बिल आणि बँकेचे कर्ज, दोन्ही देणीच. पण कायद्याच्या नजरेत त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ठाऊक नसल्याने कष्टाने बांधलेली घरे लिलावात निघतात.

बिल थकले म्हणून रुग्णालय घराला हात लावू शकत नाही. त्याला दिवाणी दावा लावावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो, मग दरखास्त करून जप्ती मागावी लागते. तिथे बिलाला आव्हान देता येते, हप्ते मागता येतात. तेच बिल भागवायला घर गहाण ठेवले, की २००२ चा सरफेसी कायदा लागू होऊ शकतो. मग बँक दावा न लावता घर ताब्यात घेऊन विकू शकते. आजारपणाच्या धसक्यात आपणच आपल्या घराची किल्ली धनकोच्या हाती देतो!

म्हणून गहाणखतावर सही करण्याआधी दोन दारे ठोठवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. ही भीक नव्हे, हक्क आहे. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

घर आधीच गहाण असेल तर? हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत वर्गात जाते. त्याआधीच आजारपणाची कागदपत्रे जोडून मुदत वाढवून देण्याचा अर्ज करा आणि पोच घ्या. कलम १३(२) ची नोटीस आली तर ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. दिवाणी कोर्टात जाऊन दिवस घालवू नका. या कायद्याने ते दार बंद केले आहे. मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी रक्कम उरली असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. आणि लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी सर्व थकबाकी व खर्च भरला, तर विक्री थांबते.

वकिलाच्या फीला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांनाही तो हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जातीचा दाखला घेऊन जा.

नोटीस नाकारणे किंवा फाडणे म्हणजे लढा नव्हे. तिच्यावरची तारीख वाचा. घर वाचवण्याचे दिवस तिथून मोजले जातात.