तलंगेची पहिली अंडी

कथा-कवितांच्या शेजारी कोंबडीचे अंडे येऊन बसलेले पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलामुलींची संख्या लहान नाही, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या वह्यांचा व एस. टी.च्या पासाचा खर्च परसातल्या पाच-दहा कोंबड्यांनी उचललेला असतो. अंड्यांचा पैसा हा बहुधा आईचा किंवा आजीचा स्वतःचा पैसा. त्याचा हिशेब घरात कोणी मागत नाही. म्हणूनच नव्याने अंड्यावर आलेली तलंग मऊ कवचाची, वेडीवाकडी किंवा आत रक्ताचा ठिपका असलेली अंडी देऊ लागली, की ती त्या घरापुरती खरी अडचण असते. मग 'ही कोंबडी वाईट निघाली' असा निकाल लागतो आणि येत्या रविवारी तिची रवानगी पातेल्यात होते. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. तो का, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

शहरातील वाचकांसाठी प्रथम हे सांगायला हवे, की तलंग म्हणजे वयात आलेली, पण अंडी घालण्यास नुकतीच लागलेली किंवा लागणार असलेली कोंबडी. व्यापारी जातींच्या कोंबड्या साधारण १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात. गावठी कोंबडीला सहा-सात महिने लागतात. सुरुवातीची अंडी लहान असतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. बाकीच्या दोषांचा उलगडा व्हायचा, तर अंडे तयार कसे होते ते पाहिले पाहिजे.

कोंबडीच्या अंडाशयात पिवळ्या बलकांचा लहानमोठा घोस असतो. पिकलेला बलक सुटून अंडनलिकेत येतो. तेथे सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो. पुढे तास-सव्वा तासात दोन पातळ पडदे तयार होतात. शेवटी कवच चढविणाऱ्या पिशवीत अंडे तब्बल वीस तास मुक्काम करते. एकूण हिशेब २४ ते २६ तासांचा. म्हणजे अंड्याच्या जन्माचा बहुतेक वेळ टरफलातच जातो, आणि टरफलाचे काम बरेचसे रात्री, कोंबडी खुराड्यात झोपलेली असताना चालते.

ही सारी व्यवस्था तलंगेच्या शरीरात नुकतीच सुरू झालेली असते. नव्या गिरणीत पहिले काही दिवस पट्टा सरकतो, पीठ जाडेभरडे येते. तसेच येथे होते. दोन बलक पाठोपाठ सुटले तर जोडबलकाचे मोठे अंडे येते. बलक न सुटताच नलिका कामाला लागली तर सुपारीएवढे, बलक नसलेले अंडे येते. कवच चढण्याआधीच अंडे पुढे ढकलले गेले तर नुसत्या पडद्यात गुंडाळलेले, हाताला मऊ लागणारे अंडे सापडते. कोंबडी निरोगी असेल आणि खाणे नीट असेल, तर हे प्रकार थोड्या आठवड्यांत आपोआप थांबतात.

त्या सुपारीएवढ्या अंड्याने इतिहासात मोठा गोंधळ घातला आहे. युरोपात ते कोंबड्याचे अंडे समजले जाई आणि त्यातून भयंकर सर्प जन्माला येतो असा समज होता. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात १४७४ साली अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालला आणि त्याला अंड्यासह जाहीररीत्या जाळण्यात आले. आपल्याकडे खटला भरत नाहीत, इतकाच काय तो फरक!

रक्ताच्या ठिपक्याचीही गोष्ट अशीच आहे. अंड्यात रक्त दिसले म्हणजे आत पिल्लू धरले होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. अंडाशयातून बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिचा थेंब बलकाला चिकटतो. कोंबड्याचा सहवास नसलेल्या कोंबडीच्या अंड्यातही तो असू शकतो. ठिपका काढून टाकून अंडे शिजवून खाण्यास हरकत नाही. बाजारच्या अंड्यात तो क्वचित दिसतो, कारण मोठ्या फार्मवर अंडी उजेडापुढे धरून सदोष अंडी आधीच बाजूला काढता येतात. टरफलाच्या बाहेर रक्ताची रेघ असेल, तर पहिल्या अंड्यांच्या वेळी तलंगेला झालेली ती किरकोळ इजा असते. मात्र अंग बाहेर आले असेल तर तिला ताबडतोब वेगळे ठेवावे. इतर कोंबड्या टोचून तिचा जीव घेतात.

आता खऱ्या काळजीच्या गोष्टीकडे वळू. मऊ व पातळ कवचाची अंडी महिना उलटला तरी थांबत नसतील, तर दोष बहुधा खाण्यात असतो. टरफल जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि एका अंड्यासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. कोंबडीच्या अंगातील एकूण कॅल्शियमचा हा सुमारे दहावा भाग! खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही, म्हणून रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळावे लागते. निव्वळ ज्वारी, तांदळाची कणी आणि उष्टे-खरकटे यांतून ते मिळणे शक्य नाही. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून ते काढते. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, मधून खुडूक बसते, त्यामुळे तिचे निभावून जाते. सुधारित जातीची कोंबडी आणून तिला गावठीच्या खाण्यावर ठेवले, की ही ओढाताण उघडी पडते.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवावी. कोंबडी आपल्या गरजेपुरती उचलते. संध्याकाळी ती खाल्लेली विशेष उपयोगी पडते, कारण रात्री टरफल चढते. घरची टरफलेही भाजून, चुरा करून घालता येतात. ओळखू येतील अशी मात्र घालू नयेत, नाहीतर अंडी फोडून खाण्याची खोड लागते. कॅल्शियम अंगी लागण्यास 'ड' जीवनसत्त्व हवे, म्हणून दिवसभर डालग्याखाली कोंडलेल्या तलंगेला उन्हात सोडावे. उलट अंड्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून लहान पिलांना अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य देऊ नये; जास्तीच्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते.

उन्हाळ्यात चांगली कोंबडीही पातळ कवचाची अंडी देते. तिला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करते. त्यात श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि टरफलासाठी लागणारा कार्बोनेटचा पुरवठा कमी पडतो. गार पाणी आणि दाट सावली हेच यावरचे औषध.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. कोंबड्यांनी सरकीची पेंड खाल्ली, तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होऊ शकतो आणि पांढरा भाग गुलाबी पडतो. तो कोणाच्या नजरेचा प्रकार नाही. सरकीतील द्रव्यांचा तो परिणाम आहे. जनावरांची गव्हाण आणि कोंबड्या यांत अंतर ठेवावे, म्हणजे झाले. बलकाचा गडद पिवळा रंगसुद्धा खाण्यातूनच येतो, पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून. टरफलाचा रंग मात्र जातीवर ठरतो; तपकिरी अंडे तेवढ्यावरून जास्त पौष्टिक ठरत नाही.

सारेच दोष मात्र थांबून बघण्यासारखे नसतात. सुरकुतलेले टरफल, पाण्यासारखा पातळ पांढरा भाग, अचानक घटलेली अंडी आणि त्याबरोबर शिंका, घरघर किंवा हिरवी हगवण दिसली, तर तो श्वसनाचा साथीचा रोग किंवा मानमोडी असू शकते. अशा वेळी आजारी कोंबडी बाजारात विकू नये आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मानमोडीची लस वेळेवर टोचून घेणे हे अंड्यांच्या पैशाचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

तेव्हा घरी नवी तलंग अंड्यावर आली असेल, तर खुराड्याच्या फळीवर खडूने तारीख लिहावी. तिला सहा ते आठ आठवडे द्यावेत, शिंपल्याचा चुरा, पाणी, सावली यांची सोय करावी आणि कोणते अंडे कसे आले याची खूण करीत जावे. आपल्यापैकी ज्यांना लिहिता-वाचता येते, त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर एवढे काम आईसाठी करावे. दोन महिन्यांनीही दोष तसाच राहिला, तर कोंबडीचा निकाल त्या खुणा पाहून लावता येईल.